वारुळाची अळंबी पारखायची कशी, आणि कोणती हात न लावता सोडायची

मृगाचा पाऊस जमिनीत मुरला आणि मग दोन-चार दिवस उघडीप मिळाली, की सातारा-सांगलीकडच्या जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शिराळ्याच्या उतारांवर छत्र्या वर यायला लागतात. बेंदरापासून नागपंचमीच्या पुढेपर्यंत त्यांचा भर असतो. पूर्वेकडे माण, खटाव, जत, आटपाडीला पाऊसच कमी, त्यामुळे तिकडे अळंबी थोडी आणि वेगळ्या जातीची. दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच पडतो: ही खायची की नाही?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण उलट्या बाजूने शोधतात. ते विषारी अळंबीची खूण विचारतात. अशी खूण नाही. एकाच रंगाच्या, एकाच वासाच्या, एकाच बांधावरच्या दोन अळंब्यांपैकी एक भाजीची आणि दुसरी यकृत निकामी करणारी असू शकते. म्हणून पारख करायची ती खाण्याजोग्या एका जातीची. तिच्या सगळ्या खुणा पाठ करायच्या आणि त्यातली एक जरी जुळली नाही तरी ती अळंबी तिथेच ठेवून पुढे जायचं. आपल्या भागात शिकण्याजोगी पहिली जात म्हणजे वारुळाची अळंबी, शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. पुढचं बहुतेक सगळं तिच्याभोवतीच आहे.

ज्या परीक्षांवर विसंबू नये

पातेल्यात चांदीचं नाणं टाकायचं, लसणाची पाकळी किंवा मूठभर तांदूळ सोडायचे आणि रंग बदलला नाही तर अळंबी चांगली समजायची, ही पद्धत घरोघरी चालते. ती धोकादायक आहे. चांदी काळी पडते ती गंधकाच्या वायूंमुळे. माणूस मारणाऱ्या अमाटॉक्सिन या विषाचा चांदीवर काहीच परिणाम होत नाही. लसूण हिरवा-निळा होतो तो स्वतःच्याच घटकांमुळे, आणि तांदळाचंही तेच. नाणं लखलखीत राहिलं आणि घरातली चार माणसं दवाखान्यात गेली, असं अगदी सहज घडू शकतं.

किडे किंवा गोगलगायी खातात म्हणजे आपल्यालाही चालेल, हेही खरं नाही. गोगलगायी जहाल विषारी अळंब्या बिनधोक खातात, त्यांचं शरीर वेगळं आहे. टोपीची साल सहज सुटते म्हणजे चांगली, हेही चूक, कारण जगात सर्वाधिक बळी घेणाऱ्या अमॅनिटा कुळातल्या अळंबीची सालही छान सुटते. भडक रंगाची वाईट आणि पांढरी चांगली, हा समज तर सगळ्यात घातक. सर्वात जहाल जातींपैकी काही शुभ्र पांढऱ्या आहेत. विषारी अळंबी कडू लागते असंही नाही. विषबाधेतून वाचलेल्यांनी ती चवदार होती असं सांगितलेलं आहे.

मीठ, चिंच किंवा ताक घालून उकळून पाणी ओतून दिलं तरी अमाटॉक्सिन जात नाही. उकळणं, तळणं, उन्हात वाळवणं, फ्रीजरमध्ये ठेवणं, यातल्या कशानेही ते मोडत नाही. प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण ०.१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ५ मिलिग्रॅम पुरे, आणि तेवढं विष एकाच मोठ्या अळंबीत असू शकतं. 'थोडीशीच खाल्ली' याला इथे काही अर्थ उरत नाही.

मोबाइलमधलं ओळख सांगणारं अ‍ॅप नाव शोधायला, वाचायला सुरुवात करायला ठीक आहे. फोटोत देठाचं बूड मातीत असतं, बीजाणूंचा (म्हणजे पट्ट्यांतून झडणाऱ्या, बियांसारख्या बारीक भुकटीचा) रंग दिसत नाही, वास येत नाही. अ‍ॅपच्या भरवशावर ताटात काही घ्यायचं नाही.

आणि 'आम्ही वर्षानुवर्षं खातोय' हाही पुरावा नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहापट्ट्यात जंगली अळंबी खाऊन १३ जण दगावले. त्यात बहुतेक चहामळ्यांत राबणारी कुटुंबं होती, आणि रानभाजी-अळंबी वेचणं त्या भागाला नवीन नाही.

निघताना

बांबूची पाटी किंवा बुट्टी, वर्तमानपत्राचे कागद, एक खुरपं, धारदार सुरी, मोजपट्टी, एक काठी आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या. प्लास्टिकची पिशवी नको. त्यात अळंबी घामेजते आणि दोन तासांत चिघळायला लागते. शिवाय सगळ्या एकात एक चुरडल्या की कोणती कुठली हे कळत नाही. प्रत्येक जागची अळंबी वेगळ्या कागदात गुंडाळा आणि कागदावर जागा लिहा. चांगल्या अळंब्यांच्या ढिगात एकही अनोळखी अळंबी टाकू नका. तिचे तुकडे आणि बीजाणू बाकीच्यांत मिसळतात.

गमबूट आणि काठी वारुळांसाठी आहेत. जुन्या वारुळात नाग, घोणस राहतात. बत्तीस शिराळ्याच्या पंचक्रोशीत हे कुणाला सांगायला नको. वारुळाच्या बिळात हात घालायचा नाही. आधी काठीने भोवतालचं गवत हलवायचं, मग बसायचं.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. तिथून अळंबीच काय, पाचोळाही उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. कास पठारावरही काही उपटू नका. आपला बांध, आपली पडीक जमीन, परवानगी असलेलं गायरान एवढं क्षेत्र पुष्कळ आहे. देवराईतलं तोडायचं नाही हा गावाचा नियम अळंबीलाही लागू धरावा.

उसाच्या फडाच्या कडेची, तणनाशक मारलेल्या बांधावरची, पुणे-बेंगळुरू महामार्गालगतची, कारखान्याच्या सांडपाण्याच्या ओढ्याकाठची अळंबी जात कितीही चांगली असली तरी घेऊ नका. अळंबी जमिनीतली जड धातूंसारखी द्रव्यं शोषून साठवते, आणि हे धुण्याने निघत नाही.

उपटू नका, खणून काढा

सगळी ओळख बुडाशी असते, आणि नेमकं तेच लोक मातीत सोडून येतात. देठ धरून उपटलं की तो जमिनीच्या पातळीवर तुटतो. मग खाली लांब मूळ होतं की पांढरी पिशवी होती, हे कधीच कळत नाही. अळंबीपासून चार बोटं अंतर सोडून खुरप्याने माती सैल करा आणि एक वीतभर खोल जाऊन बुडासकट बाहेर काढा. त्याआधी फोटो घ्या: वरून, टोपीच्या खालून, बाजूने आणि आजूबाजूची झाडं-वारूळ दिसेल असा एक.

आता पाहायचं काय?

टोपीच्या खालच्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारख्या उभ्या पट्ट्या असतात. त्यांचा रंग पाहा. त्या देठाला चिकटल्यात की देठाभोवती मोकळी फट आहे, हे पाहा. फट आहे का हे कळायला अळंबी मधोमध उभी चिरावी लागते, नुसतं डोकावून फसगत होते. देठावर कडं आहे का, ते देठावरून वर-खाली सरकतं का, पाहा. मग बूड: फुगीर गोळा, वाटी किंवा पिशवी, की निमुळतं होत खाली गेलेलं मूळ? चिरल्यावर मांसाचा रंग दहा मिनिटांत पिवळा, लाल, निळा होतो का? वास कसा आहे?

टोपीवर पांढरे खवले किंवा चट्टे असणं ही अमॅनिटाची खूण आहे, पण आपल्याकडच्या पावसात ते धुऊन जातात. खवले दिसले तर सोडून द्या. दिसले नाहीत म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका.

बीजाणूंचा ठसा

ही पायरी आळसाने गाळली जाते, आणि नेमकी हीच दोन मोठ्या चुकांपासून वाचवते. पूर्ण उमललेली एक टोपी घ्या, देठ पट्ट्यांच्या पातळीला कापा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद जोडून त्यावर टोपी पट्ट्या खाली करून ठेवा. टोपीवर पाण्याचा एक थेंब सोडा, वर वाटी पालथी घाला. चार ते बारा तास हलवू नका. रात्री ठेवली तर सकाळी पट्ट्यांच्या रेषांचा ठसा उमटलेला असतो.

दोन रंगांचा कागद एवढ्यासाठी, की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही आणि लोक 'ठसा पडला नाही' म्हणून पुढे जातात. रंग पातळ थरावर ठरवू नका. ब्लेडने भुकटी एका जागी गोळा करा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या बल्बखाली पांढरा ठसाही गुलाबीसर वाटतो. ठसा पडलाच नाही, तर टोपी एक तर कोवळी होती किंवा शिळी, आणि मग त्या ढिगातलं काही खायचं नाही.

वारुळाच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी ते गुलाबीसर मलईच्या रंगाचा पडतो. हिरवट पडला तर ताबडतोब टाकून द्या. शुभ्र पांढरा, गंजासारखा तपकिरी, काळा, यातला कोणताही पडला तरी ही ती अळंबी नव्हे.

ठसा पडेपर्यंत बाकीच्या अळंब्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. म्हणजे वेचलेल्या संध्याकाळीच भाजी होणार नाही. शिकणाऱ्याने हे आधीच मान्य करून निघावं.

वारुळाच्या अळंबीच्या खुणा, सगळ्या एकत्र

जमिनीखाली वाळवी चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे सच्छिद्र तपकिरी गोळे रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. तेच वाळवीचं अन्न. पावसाळ्यात त्या गोळ्यातून अळंबी वर येते, म्हणून तिचं मूळ खोल असतं. ही बुरशी आणि वाळवी एकमेकांवर जगतात, त्यामुळे या अळंबीची धिंगरीसारखी (ऑयस्टर मशरूमसारखी) व्यापारी शेती होत नाही. वारूळ फोडून तो गोळा बाहेर काढला तर त्या जागी पुढच्या वर्षी काही उगवणार नाही. एक अळंबी खोलवर खणून तपासा, बाकीच्या बूड स्पष्ट दिसेल एवढ्याच काढा आणि खड्डा मातीने बुजवा.

टोपीच्या मध्यावर टणक, टोकदार उंचवटा असतो, बहुधा बाकीच्या टोपीपेक्षा गडद. टोपी पूर्ण पसरली तरी तो सपाट होत नाही. माती फोडून वर यायचं काम हाच उंचवटा करतो. टोपी पसरताना तिची कड अनेकदा मध्याच्या दिशेने उभी फाटते. पट्ट्या पांढऱ्या, दाट, देठापासून मोकळ्या, आणि वय झालं की फिकट गुलाबीकडे झुकणाऱ्या. देठ भरीव, तंतुमय, पांढरा. जमिनीखाली तो निमुळता होत मुळासारखा खोल जातो, कधी वीतभर, कधी हातभरसुद्धा. बुडाशी वाटी नाही, पिशवी नाही, गोळा नाही. चिरल्यावर रंग बदलत नाही. ठसा गुलाबीसर.

टोकदार उंचवटा, मोकळ्या पट्ट्या, पिशवीविना खोल मूळ, गुलाबीसर ठसा आणि वाळवीची जागा, या पाचही गोष्टी एकाच अळंबीत दिसल्या पाहिजेत. चार जुळल्या आणि पाचवी पाहायची राहिली, तर ती न जुळल्यासारखीच धरायची.

कड्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. वारुळाच्या अळंबीच्या बहुतेक जातींच्या देठावर कडं नसतं. पण टर्मिटोमायसिस हाइमी या जातीला जाड, टिकणारं कडं असतं, आणि ती खाण्यात आहे. पुढे येणाऱ्या विषारी क्लोरोफायलमला आणि अमॅनिटालाही कडं असतं. सुरुवातीच्या काही पावसाळ्यांत कड्याची कोणतीही अळंबी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. थोडी भाजी हुकेल. त्याबदल्यात चुकीच्या सर्वात मोठ्या दोन शक्यता दारातच अडतात.

याच कुळात अगदी बारीक, एक-दोन सेंटिमीटर टोपीची जातही आहे. वाळवीने बाहेर टाकलेल्या गोळ्याच्या चुऱ्यावर ती शेकड्यांनी उगवते. तिला लांब मूळ नसतं, म्हणजे वरची एक खूण मुळातच गळते. विषारी लेपिओटाच्या बारीक जाती तिच्याच आकाराच्या असतात. खाणारे खातात, पण नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

जिच्याशी गल्लत होते

सगळ्यात जास्त फसवते क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. माळावर, शाळेच्या पटांगणात, बागेच्या हिरवळीवर, गोठ्याच्या आसपास पहिल्या जोरदार पावसानंतर ती मोठमोठ्या गोलाकार रांगांत उगवते. टोपी १० ते २५ सेंटिमीटरपर्यंत, पांढरी, मध्यावर तपकिरी खवले. देठावर सरकणारं कडं, बूड थोडं फुगलेलं, मूळ नाही. दिसायला भरगच्च आणि ताजी, त्यामुळे हात आवरत नाही. कोवळेपणी तिच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात. हिरवट झाक वय झाल्यावर चढते आणि ठसा हिरवट-राखाडी पडतो. न उमललेल्या कळीचा ठसाच पडत नाही, म्हणून नुसत्या कळ्या कधी वेचू नका. कळ्या घ्यायच्याच तर ओळख पटलेल्या, उमललेल्या अळंबीच्याच झुबक्यातल्या, आणि प्रत्येक कळी बुडासकट उभी चिरून. क्लोरोफायलम खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोरात उलट्या-जुलाब सुरू होतात. लहान मुलांना यात पाणी कमी पडून गंभीर धोका होतो.

अमॅनिटा झाडांच्या मुळांशी सहजीवन करते, म्हणून ती झाडांखाली येते. पांढऱ्या पट्ट्या, देठापासून मोकळ्या, बहुधा कडं, पांढरा ठसा, आणि बुडाशी पिशवी किंवा वाटी. काही जातींत पिशवी अखंड नसते, फुगीर बुडावर खवल्यांच्या नुसत्या रांगा असतात. त्यामुळे 'पिशवी दिसली नाही' एवढ्यावर भागत नाही. बुडाला गोळा आहे एवढंच पुरे, सोडून द्या. वारूळ झाडाच्या सावलीत असलं तर एकाच फुटावर दोन्ही येऊ शकतात. म्हणून एकीची ओळख पटली की सगळी पाटी पास, असं होत नाही. प्रत्येक अळंबीचं बूड स्वतंत्र पाहायचं.

गुलाबी ठसा मिळाला म्हणूनही हुरळून जाऊ नये. एंटोलोमा कुळाचा ठसाही गुलाबी असतो, आणि त्यात पोट बिघडवणाऱ्या जाती आहेत. फरक चिरल्यावर कळतो. एंटोलोमाच्या पट्ट्या देठाला चिकटलेल्या असतात आणि देठाखाली खोल मूळ नसतं. उलट मूळ लांब, पण ठसा पांढरा आणि टोपी बुळबुळीत, सुरकुतलेली असेल, तर ती गाडल्या गेलेल्या लाकडातून आलेली वेगळीच अळंबी आहे. एकच खूण धरून चाललं की असंच होतं.

माण-खटाव, जत-आटपाडीसारख्या कोरड्या भागात वारुळावर कधी न उघडणारी, खवल्यांची लांबट टोपी दिसते. ती पोडॅक्सिस. वारुळावर आहे म्हणून तिला वारुळाची अळंबी समजू नका. आत ती लवकर काळी पडते.

बाकीच्या, थोडक्यात

भाताच्या कुजक्या पेंढ्यावर येणारी व्होल्व्हेरिएला खाण्याची आहे आणि तिची शेतीही होते. पण तिच्या बुडाशी अमॅनिटासारखीच पिशवी असते आणि कोवळेपणी दोघी अंड्याच्या आकाराच्या, सारख्याच दिसतात. आशियातून परदेशी गेलेल्या लोकांना नेमक्या याच सारखेपणामुळे अमॅनिटाची विषबाधा झालेली आहे. रानातली वेचू नका, शेतीतली विकत घ्या.

जमिनीवरचे गोल पांढरे गोळे चिरून पाहावेत. आत एकसारखं शुभ्र असेल तर ते पफबॉल असू शकतात. जाड साल आणि आत जांभळट-काळं असेल तर स्क्लेरोडर्मा, विषारी. आत छोट्या छत्रीची आकृती दिसली तर ती अमॅनिटाची कळी आहे.

शेणावर किंवा शेणखताच्या ढिगावर उगवलेली कोणतीही अळंबी नको. त्यात डोक्यावर परिणाम करणाऱ्या जाती असतात. बारीक तपकिरी अळंब्या, मग त्या लाकडावर असोत की मातीत, सरसकट सोडा. गॅलेरिनासारख्या काहींत अमाटॉक्सिन आहे, इनोसायबीत मस्करीन हे दुसरं विष आहे, आणि त्या वेगळ्या ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो. शाईसारखी वितळणारी अळंबी दारूबरोबर गेली तर चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. अळंबी खाऊन तीन दिवसांनी घेतलेल्या दारूनेही असं होऊ शकतं. बाजारात मिळणाऱ्या बटणासारखी दिसणारी, पण देठाचं बूड चिरल्यावर भडक पिवळी होणारी आणि फिनाइलसारखा वास येणारी रानातली अळंबी पोट बिघडवते.

रानात जाणं जमत नसेल आणि अळंबी खायची हौस असेल, तर बोरगाव, कालवडे किंवा कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रात धिंगरी लागवडीबद्दल विचारा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचं केंद्र आहे.

चुलीपर्यंत आल्यावर

ओळख पूर्ण पटलेली अळंबीही शिळी खाऊ नका. वारुळाची अळंबी फार लवकर उतरते. चिकट झाली, पट्ट्या काळवंडल्या, आंबूस वास आला, तर टाकून द्या. साध्या जिवाणूंमुळेही विषबाधा होते. मुळाचा मातकट भाग कापा, वाहत्या पाण्यात पट्ट्यांमधली माती काढा, आणि किमान १५ ते २० मिनिटं वाफेवर नीट शिजवा. कच्ची कोणतीच खायची नाही.

पहिल्यांदा खाताना एकाच जातीची, दोन-तीन चमचे खा आणि दिवसभर थांबा. ही चाचणी फक्त ती अळंबी तुमच्या पोटाला सोसते का हे पाहायला आहे. अमाटॉक्सिनपासून ती वाचवत नाही. त्या दिवशी दारू नको. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, यांना रानातली अळंबी वाढू नका. न शिजवलेली एक अख्खी अळंबी, बुडासकट, कागदात गुंडाळून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवा. काही झालंच तर डॉक्टरांना तीच लागेल.

त्रास झाला तर

खाल्ल्यापासून किती तासांनी त्रास सुरू झाला, ही सगळ्यात मोलाची माहिती. घड्याळ पाहून कागदावर लिहा. पंधरा मिनिटं ते दोन तासांत घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, मंद नाडी असेल तर मस्करीनचा संशय असतो आणि त्यावर ॲट्रोपिन हे औषध आहे. अर्धा ते तीन तासांत नुसत्या उलट्या-जुलाब झाल्या तर क्लोरोफायलमसारखी अळंबी असण्याचा संभव जास्त.

खरी भीती उशिराच्या त्रासाची. रात्री जेवलं आणि पहाटेपर्यंत काही नाही. सहा ते चोवीस तासांनी, बहुधा सहा ते बारा तासांत, कळा, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. मग दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पेशंटला घरी आणतात. याच काळात यकृत आतून खराब होत असतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, ग्लानी येते. सहा तासांनंतर सुरू झालेला त्रास अमाटॉक्सिनचाच समजून वागायचं. लवकर त्रास झाला म्हणजे अमाटॉक्सिन नाही, असंही ठरवू नका. दोन जातींची भाजी झाली असेल तर दोन्ही विषं पोटात असतात.

मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावू नका. तूप, दूध, ताक, लिंबू यांपैकी काहीही उतारा नाही. जुलाब थांबवायची गोळी देऊ नका, विष आतच राहतं. माणूस शुद्धीवर असेल तर ओआरएसचे छोटे घोट द्या आणि १०८ वर फोन करा. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना न्या, ज्याला काहीच होत नाही त्यालाही. शिजवलेली भाजी, फ्रीजमधली अख्खी अळंबी, कचऱ्यात टाकलेली देठं-मुळं, सगळं कागदात घालून बरोबर घ्या. उलटीचा नमुना डब्यात घ्या. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा निःशुल्क क्रमांक डॉक्टरांनाही देता येतो.

कांदाटी खोऱ्यात किंवा शिवसागराच्या पलीकडच्या गावांत असाल तर लाँचची वेळ लक्षात घ्या. रात्री बघू म्हणत थांबलं की पूर्ण रात्र हातची जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन सुरू होऊ शकतं, पण यकृताच्या तपासण्या आणि अतिदक्षता विभाग साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयासारख्या, किंवा कराड, सांगली, मिरजेच्या मोठ्या रुग्णालयांतच मिळेल. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा: 'रानातली अळंबी खाल्ली, अमुक वाजता, त्रास इतक्या तासांनी सुरू झाला.' नाहीतर पावसाळ्यातली गॅस्ट्रो समजून सलाईन लावून घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते.

यकृताच्या एसजीओटी, एसजीपीटी, रक्त गोठण्याची आयएनआर, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन आणि रक्तातली साखर या तपासण्या एकदा करून भागत नाही. पहिल्या दिवशी आकडे पूर्ण सामान्य असू शकतात. बारा ते चोवीस तासांनी त्या पुन्हा करायला सांगा. उपचारात कोळशाची औषधी भुकटी, भरपूर सलाईन, एन-ॲसिटिलसिस्टीन, पेनिसिलिन, उपलब्ध असल्यास सिलिबिनिन वापरतात, आणि आयएनआर चढत गेला तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या पुण्या-मुंबईच्या केंद्राशी वेळेत बोलावं लागतं. जुलाब थांबले, भूक लागली, म्हणून डिस्चार्ज मागू नका. उशिराने त्रास सुरू झालेल्या माणसाला किमान तीन-चार दिवस, यकृताचे आकडे उतरणीला लागल्याचं दिसेपर्यंत, रुग्णालयातच ठेवा.